हमीदचाचांच्या नावापुढचा शब्द

चाचा, माझा राग उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मधेच हात वर करून मला थांबवायला नको.

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. कोल्हारच्या कबरस्तानात मीही मूठभर माती टाकली. पाळीवरून तसाच आलो होतो, हाताला पाक होता, त्याला माती चिकटली. ती दोन दिवस धुवावीशी वाटली नाही. आपल्या साखर कारखान्याचा घड्याळसाहेबही आला होता. सगळ्यांनी डोक्याला रुमाल बांधले होते आणि हा एकटा हॅट काढून उघड्या डोक्यानं उभा. कुणीतरी त्याला हळूच सांगितलं, तेव्हा त्यानं घाईनं ती परत घातली. त्याही वेळी मला वाटलं, याला आत ढकलावं. मेलेल्या माणसाच्या पायाशी उभं राहून असलं मनात आणू नये, हे मला कळतं. तरी आलं.

परवा चाचींकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, पॅनवर तुम्ही नेमकं काय करायचात. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मग मी सांगत बसलो. खोलीएवढं लोखंडी बंद भांडं असतं, त्यात उसाचा पाक आटतो. आटता आटता दाणा धरतो, नुसत्या डोळ्याला धड दिसणार नाही इतका बारीक. मग थोडा थोडा पाक पाजून तो दाणा वाढवायचा. पॅनमन दर दोन-चार मिनिटांनी त्यातला थेंब काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि उजेडासमोर धरून बघतो. दाणे सगळे एका मापाचे हवेत. मधेच नवा बारीक दाणा पडला, त्याला आम्ही खोटा दाणा म्हणतो, तर तिथल्या तिथं पाणी पाजून तो विरघळवायचा. नजर चुकली तर सगळा पॅन चिकट होऊन बसतो आणि खाली साखर गाळायच्या मशीनवरची माणसं दिवसभर हाल सोसतात.

"म्हंजी दिवसभर काचच बघायची?" चाची म्हणाल्या.

"व्हय चाची."

"तरीच घरी आल्यावर माझ्याकडं बघायचे न्हाईत."

त्या हसल्या, मग पदर तोंडाशी नेला. मी उठून रांजणातलं पाणी प्यायलो. तहान नव्हती.

माझं गाव तिकडे पाथर्डीच्याही पलीकडं, डोंगराच्या कुशीत. शाळा तिसरीत सुटली. अक्षरं ओळखतो, जोडून जोडून वाचतो. हे लिहायलाही मला चार दिवस लागलेत. कारखान्यावर आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि सगळ्याला भ्यायचो. वाफेला, शिट्टीला, साहेबाच्या बुटांच्या आवाजाला. एक व्हॉल्व बंद केला की तो बंद झाला का, हे तीनदा बघायचो. बाकीचे हसायचे. तुम्ही म्हणालात, "हसू द्या. भेणारा मानूस पॅनवर बरा. बिनधास्त मानूस पॅन जाळतो." त्या दिवसापासून मी तुमचा झालो.

काच धरायला शिकवलीत. पहिल्या महिन्यातच एक दिवस मला सगळीकडे दाणे दिसायला लागले. काचेवर, भिंतीवर, तुमच्या दाढीतसुद्धा. मला वाटलं डोळे गेले. गावाकडे आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. मी रडकुंडीला आलो होतो. तुम्ही शेजारच्या बाबूरावांना म्हणालात, जरा माझ्या पॅनकडं लक्ष ठेव, आणि मला मागच्या दारानं प्रवरा नदीवर घेऊन गेलात.

थंडीचे दिवस होते. पाणी उतरून खडकांमधनं तीन-चार धारांनी वाहत होतं. पलीकडे वाळूत कुणी कलिंगडाच्या वाड्या केल्या होत्या, म्हशी पाण्यात डुंबत होत्या. बाभळीखाली बसलात आणि म्हणालात, "डोळे चरायला सोड." मला कळेना. तुम्ही म्हणालात, सकाळपास्नं दावणीला बांधून ठेवलेत ना, आता सोड. जिकडं जातील तिकडं जाऊ दे. हाकू नको.

मी बसलो. थोड्या वेळानं विचारलंत, काय करतोस. मी म्हणालो, बगळे मोजतोय, सतरा हायत. तुम्ही कपाळाला हात लावलात.

"मोजू नको रे नाम्या. मोजलं की ते बी कामच झालं."

मला हे जमायला पुरा एक हंगाम लागला, चाचा. बसलो की मी काहीतरी धरायचोच. पाणी किती वेगानं जातं, म्हशी कुणाच्या, परत जायला किती वेळ झाला.  मग एक दिवस असं झालं की खंड्या पाण्यात सूर मारून वर आला, त्याच्या चोचीत काही होतं का नव्हतं, ते मी बघितलंच नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. वर येऊन काच धरली तर एकेक दाणा सुटा दिसला, जोंधळ्याच्या कणसातला दिसतो तसा. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून ओळखलंत.

हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी कुणाला बोललो नाही, आता लिहितो. तरुणपणी दोन पाळ्या सलग करून तुम्ही घरी गेलात. लेकानं भाकरी मागितली. दुसऱ्यांदा मागितली. तुम्ही त्याच्या कानाखाली अशी दिलीत की पोरगं दारावर आपटलं. "मी मारका न्हाई," तुम्ही म्हणालात. "पर दिवसभर सोताला आवरून आवरून आवरायचंच संपलं हुतं. घरी न्यायला काय उरलंच न्हाई." दुसऱ्या दिवशी घरी जायच्या आधी तुम्ही नदीवर बसलात, आणि मग रोजच. माणसाच्या अंगात सबुरीचं एक भांडं असतं, ते कामानं रिकामं होतं आणि ते भरायला झाड-पाणी लागतं, असं तुमचं म्हणणं. मी म्हणालो, झोपेनं भरत नाही का? तुम्ही म्हणालात, झोपेत बी मला दाणेच दिसतात.

तुमच्या या एका गोष्टीमुळं मी आजवर कुणावर हात टाकला नाही. दारू लागली नाही. एवढ्या लांब, घरचं कुणी नसताना, मी माणसात राहिलो. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. तुम्हाला आवडलं नसतं म्हणून नाही. मला लाज वाटायची.

मग जर्मनची लढाई सुरू झाली, साखर सरकारच्या ताब्यात गेली आणि वरून ओरड सुरू झाली की आणखी काढा, लवकर काढा. त्याच हंगामात घड्याळसाहेब आला. हातात सारखं घड्याळ, म्हणून आपण त्याला ते नाव ठेवलं. त्यानं आठ दिवस आपल्या सगळ्यांचं जाणं-येणं टिपून ठेवलं आणि नवव्या दिवशी सुताराला बोलावून नदीकडचं दार खिळे मारून बंद केलं. तुम्ही त्याच्याकडं गेलात. मी मागं उभा होतो. तुम्ही अदबीनं म्हणालात की साहेब, बॉयलरला पाणी लागतं तसं डोळ्याला बी लागतं. तो म्हणाला, "बॉयलर फिरायला जात नाही, हमीद." कचेरीतले दोघं-तिघं हसले. तुम्हीही हसलात. तुमचं ते हसणं मला आजही सहन होत नाही.

मग जे घडलं त्या दिवसाबद्दल आपण कधीच सरळ बोललो नाही. आज बोलतो.

तुमच्या बदलीचा माणूस तापानं पडला होता. साहेबानं तुम्हाला थांबवून घेतलं. आठ तासांचे बारा झाले, बाराचे सोळा. दार बंद. सकाळी मी आलो तेव्हा तुम्ही काच डोळ्याच्या इतकी जवळ धरली होती की पापण्या लागत होत्या. मला म्हणालात, नाम्या, मला काय दिसंना झालंय, मी पाच मिनिटं जाऊन येतो. फाटकाकडनं वळसा घालून तुम्ही गेलात. मी काच धरली. खोटा दाणा पडून बराच वेळ झाला होता. पाणी पाजलं, पण उशीर झाला होता. पॅन बसला.

साहेब आला. त्यानं मला विचारलं, हमीद कुठं आहे?

मी म्हणालो, "बाहेर."

एवढंच, चाचा. सोळा तास उभे होते, हे मी म्हणालो नाही. तुम्ही जायच्या आधीच दाणा बिघडला होता, हेही म्हणालो नाही.  त्यानं माझ्यासमोर रजिस्टर उघडलं आणि तुमच्या नावापुढं लाल शाईनं एक शब्द लिहिला. मी तो अक्षर अक्षर जोडून वाचला. कामचुकार.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पोती शिवायच्या शेडमध्ये. अठरा हंगाम दाणा धरणारा माणूस सुतळी आणि दाभण घेऊन बसला. शेडला खिडकी नव्हती. मी जेवणाच्या सुट्टीत यायचो आणि आपलं भांडण व्हायचं, रोज तेच. मी म्हणायचो, साहेब पॅनवर असेल तेव्हा वाफ सोडतो, एकदा भाजू द्या. तुम्ही म्हणायचात, आधी नदीवर जा. मी म्हणायचो, नदीचा काय संबंध. तुम्ही म्हणायचात की राग आलेला मानूस थकलेलाच असतो, त्याला बारीक काय दिसत न्हाई. डोळे चारून ये, आणि मग बी त्याला भाजावं वाटलं तर खुशाल भाज, मी अडवनार न्हाई. तुमची खात्री होती की नदीवर गेलेला माणूस सूड घेऊन परत येतच नाही. मी हट्टानं गेलो नाही. राग धुऊन जाईल याची मला भीती होती.

मग ताप आला. शेवटच्या भेटीत तुम्ही बाजेवर होतात. मी पाय दाबत होतो. तुम्ही म्हणालात, "तेवढा शब्द राह्यला बघ." कुठला, असं मी विचारलं नाही.  एवढा सबुरीचा माणूस, त्यानं कधी काही मागितलं नाही, आणि मरताना त्याच्या मनात साहेबाच्या लाल शाईचं अक्षर. त्या क्षणी मी ठरवलं की तो शब्द निघाल्याशिवाय मी या कारखान्यातून हलणार नाही. आणि नुसता निघून भागणार नाही. ज्यानं लिहिला त्याच्याच हातानं निघाला पाहिजे, सगळ्यांसमोर.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी संधी आली.

वरून मोठे साहेब कारखाना बघायला येणार होते. तुम्ही पॅनवरून गेल्यापासून साखरेच्या दाण्याची तक्रार होतीच. घड्याळसाहेबानं ठरवलं की त्या दिवशी पॅन आपणच काढायचा, म्हणजे दाखवता येईल की यात काही जादू नाही. आदल्या दुपारपासून तो उभा होता. चहा तिथंच, जेवण तिथंच. मी शेजारच्या पॅनवर. दुपारी तीनच्या सुमाराला त्यानं काच पुसायला खाली ठेवली आणि माझी नजर गेली. खोटा दाणा. नुकताच पडत होता. त्यानं तीच काच उचलली, उजेडाला धरली, मान हलवली आणि परत पाक सोडला. त्याला दिसलं नव्हतं.

चाचा, मला जो आनंद झाला तो सांगायची मला शरम नाही. तोंड उघडायचं नाही, बस्स. अर्ध्या-पाऊण तासात पॅन बसणार, मोठे साहेब आलेले असणार, आणि बाकी आपोआप.  आणि तेवढ्यात तुमचं ते वाक्य आठवलं, आधी नदीवर जा. मला तुमचाही राग आला. पण म्हटलं, एकदाचा याचा निकाल लावू. बाबूरावांना पॅन सांभाळायला सांगितला आणि फाटकाकडनं पळत खाली गेलो.

दहा मिनिटं बसलो. काही मोजलं नाही. पलीकडच्या काठाला एक बाई घोंगडी आपटत होती. घोंगडी आधी खडकावर पडायची आणि आवाज मागनं यायचा. बघत राहिलो.  छाती हलकी झाली. आणि राग?

तो तिथंच होता. जागच्या जागी. तुम्ही चुकलात, चाचा. फक्त तो आता एका मापाचा झाला होता. आधी त्यात सगळंच मिसळलं होतं, माझी भीती, माझी लाज, ते "बाहेर". आता मला स्वच्छ दिसलं की मी गप्प बसलो तर पॅन बसेल आणि तो चिकट माल खाली मशीनवरच्या सखारामला उपसावा लागेल. साहेब म्हणेल, पाकच वाईट होता. त्याच्या अंगाला काही लागणार नाही. असला सूड मला नको होता. मला नेमका त्याचाच हवा होता.

वर गेलो तेव्हा मोठे साहेब येऊन उभे होते. घड्याळसाहेब त्यांना समजावून सांगत होता. मी पुढं झालो.

"साहेब, खोटा दाणा पडलाय."

त्यानं काच उचलून पाहिली. "कुठं? सगळा एकसारखा दाणा आहे."

"आपल्याला दिसायचा न्हाई. आपन कालपास्नं उभे हाय."

तो काही बोलायच्या आत मोठ्या साहेबांनी काच घेतली, खिशातलं भिंग काढलं आणि खिडकीशी गेले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, आहे. पाणी द्या. मी पाणी सोडलं. मोठे साहेब त्याला म्हणाले, तुमचे डोळे लाल झालेत, जरा बाहेर वाऱ्यावर जाऊन या, हा बघेल तोवर.

तो गेला. पॅनशेजारच्या खिडकीतून मला दिसत होतं. फाटकातून वळून तो नदीवर गेला आणि बाभळीखाली बसला. आधी ताठ बसला होता. मग हॅट काढून बाजूला ठेवली. मग त्याचे खांदे उतरले. घड्याळ त्यानं एकदाही खिशातून काढलं नाही. अर्ध्या तासानं आला, काच उचलली आणि एका नजरेत म्हणाला, अजून थोडा खोटा दाणा राहिलाय, आणखी पाणी हवं. मी पाहिलं. खरंच राहिला होता. माझ्या नजरेतून सुटला होता.

तेव्हा जो संताप आला तो आधीच्या सगळ्याहून मोठा. नदीनं त्याला तू कोण, काय केलंस, काही विचारलं नाही. तुम्हाला सोळा तास मिळाली नाही, ती याला अर्धा तास मिळाली आणि याचे डोळे निवळले.

पॅन वाचला. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, एवढी नजर कुणी शिकवली. मी तुमचं नाव सांगितलं. ते कुठं असतात, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वारले. त्याआधी पोती शिवत हुते.  मग मी एका दमात बोललो, थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"चाचा सोळा तास उभे हुते. त्ये जायच्या आधीच दाना बिघडला हुता. मी त्या दिशी ह्ये सांगितलं न्हाई, ती माझी चूक. त्ये नदीवर पाच मिनिटं गेले, तर त्यांच्या नावापुढं कामचुकार लिवलं. साहेब आत्ता अर्धा तास गेल्ते. त्यांच्या बी नावापुढं लिवा. न्हाईतर चाचांचं खोडा."

रजिस्टर मोठ्या साहेबांनी मागवलं. पान काढलं, वाचलं आणि घड्याळसाहेबापुढं सरकवलं. त्यानं टाक घेतला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यानं त्या शब्दावर एक रेघ मारली आणि टाक ठेवायला लागला.

मी वाकून पाहिलं. "अजून वाचता येतंय, साहेब."

त्यानं मोठ्या साहेबांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यानं दुसरी रेघ मारली.

"अजून येतंय," मी म्हणालो.

तिसऱ्या रेघेला कागद फाटला. बाबूरावांनी मागून माझी बाही ओढली, पुरे म्हणून. मला पुरेसं वाटत नव्हतं.

पुढं मला पॅनवर ठेवतात की पोती शिवायला बसवतात, कुणास ठाऊक. भीती आहेच. चाचींना जाऊन सांगितलं की शब्द निघाला. त्यांनी विचारलं, भांडलास का? मी म्हणालो, न्हाई. ते खरंच होतं. माझा आवाज चढला नव्हता, हात उठला नव्हता. तुम्ही शिकवलेली सगळी सबुरी मी त्या तीन रेघांसाठी वापरली.

तुम्ही असता तर पहिल्याच रेघेला माझा हात धरला असता. मी थांबलोही असतो. पण तुम्ही नव्हतात.